यॉर्कचे ग्रंथपाल, टूर्सचे गुरु : डीकन अल्क्विन

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं आम्ही मागें वळून पाहतों तेव्हां डोळ्यांपुढें प्रथम देवळाच्या भिंती उभ्या राहतात, घंटेचा नाद कानीं येतो, आणि ज्या धर्मगुरूंनीं येथें पहिली मिस्सा अर्पिली त्यांचीं नांवें कृतज्ञतेनें ओठांवर येतात. हें योग्यच आहे. परंतु ख्रिस्तसभेचा संसार केवळ दगडचुन्यावर चालत नाहीं. ज्या ग्रंथांतून मिस्सा म्हटली जाते, ज्या पुस्तकांवरून मुलांना धर्मशिक्षण दिलें जातें, तीं कोणीं तरी जपलेलीं असतात, कोणीं तरी शुद्ध करून लिहिलेलीं असतात, आणि तीं वाचावयास कोणीं तरी शिकविलेलें असतें. अशा सेवकांचीं नांवें कोनशिलेवर सहसा कोरलीं जात नाहींत. त्यांच्यापैकीं एकाचें चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढें ठेवावें असें आम्हीं योजिलें आहे.

हे सेवक म्हणजे डीकन अल्क्विन. यांना होऊन बाराशें वर्षांहून अधिक काळ लोटला. ते पोप नव्हते, बिशप नव्हते. धर्मगुरुपदाची दीक्षासुद्धां त्यांनीं घेतली नाहीं. जन्मभर ते डीकनच राहिले, व पत्राखालीं सही करतांना स्वतःस नम्र डीकन म्हणवीत. ख्रिस्तसभेनें विधिपूर्वक त्यांना संतपदही दिलेलें नाहीं. मुलांना शिकविणें, ग्रंथ जमविणें, ते जपणें आणि दुसऱ्यास देणें, एवढेंच त्यांचें जीवितकार्य. त्या कार्याचा एक धागा मात्र आमच्या कोंकणकिनाऱ्यापर्यंत, आमच्या मराठी ख्रिस्तपुराणापर्यंत येऊन पोहोंचला आहे. तो कसा, तें लेखाच्या शेवटीं सांगूं.

यॉर्कची शाळा

अल्क्विन यांचा जन्म इ. स. ७३५ च्या सुमारास इंग्लंडच्या उत्तरेकडील नॉर्थंब्रिया राज्यांत झाला. कुळ चांगलें होतें. फ्रिसियन लोकांत सुवार्ता नेणारे संत विलिब्रॉर्ड हे त्यांच्याच नात्यांतले. बालपणींच त्यांना यॉर्क येथील प्रधान मंदिराच्या शाळेंत घालण्यांत आलें. त्या वेळीं तेथें एग्बर्ट हे आर्चबिशप होते. पूज्य बीड यांनीं आपल्या मृत्यूच्या कांहीं महिने आधीं, ७३४ सालीं, याच एग्बर्टना एक दीर्घ पत्र लिहिलें होतें. खेड्यापाड्यांतून बिशपांचें दर्शन वर्षानुवर्षें होत नाहीं, लोकांना शिकविणारा कोणी नाहीं, असें कळकळीनें कळवून, ज्यांना लॅटिन येत नाहीं त्यांना विश्वासांगिकार व प्रभूची प्रार्थना त्यांच्याच भाषेंत शिकवावी, असा सल्ला त्यांनीं त्यांत दिला होता. अशा उपदेशाच्या छायेंत ही शाळा वाढली.

शाळेचा भार एल्बर्ट नांवाच्या गुरूंवर होता. हे एल्बर्ट ग्रंथांचे मोठे लोभी. नवें पुस्तक किंवा नवी विद्या कोठें मिळते याचा शोध घेत ते समुद्रापलीकडे प्रवास करीत, आणि पुढें पुढें तरुण अल्क्विन यांनाही बरोबर नेत. त्या काळीं पुस्तक मिळविणें म्हणजे काय होतें याची कल्पना आज करणें कठीण आहे. जनावराचें कातडें चुन्याच्या पाण्यांत भिजवावयाचें, खरवडावयाचें, चौकटीवर ताणून वाळवावयाचें, मग त्यावर रेघा आंखून पक्ष्याच्या पिसाच्या लेखणीनें एक एक अक्षर उतरावयाचें. एका संपूर्ण बायबलास सुमारें दोनशें मेंढ्यांचीं कातडीं लागत. असा ग्रंथ घोड्याच्या पाठीवर बांधून डोंगर व समुद्र ओलांडून आणावयाचा. गुरुशिष्यांचा हा प्रवास आमच्याकडील पोथीसाठीं काशीस जाणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यांची आठवण करून देतो.

७६७ सालीं एल्बर्ट आर्चबिशप झाले आणि शाळा अल्क्विन यांच्या हातीं आली. यॉर्कच्या ग्रंथालयांत काय काय होतें तें आज आम्हांस ठाऊक आहे, याचें कारण मोठें गोड आहे. अल्क्विन यांनीं यॉर्कच्या बिशपांवर व संतांवर एक लांब लॅटिन काव्य रचलें आणि त्यांत ग्रंथालयाची यादीच पद्यांत गुंफली! संत जेरोम, संत आंब्रोज, संत ऑगस्टीन, संत ग्रेगरी हे ख्रिस्तसभेचे आचार्य; बीड व आल्डहेल्म हे स्वदेशी विद्वान; त्यांच्याबरोबर ॲरिस्टॉटल, सिसेरो, प्लिनी व व्हर्जिल हे ख्रिस्तेतर पंडित, अशीं सुमारें चाळीस नांवें त्यांत आहेत. व्हर्जिलची गोडी त्यांना लहानपणापासून होती. स्तोत्रांपेक्षां तोच त्यांना अधिक आवडे, असें त्यांचा जुना चरित्रकार थोड्या नाराजीनेंच सांगतो.

एल्बर्ट वृद्ध झाले तेव्हां त्यांनीं आपल्या दोन आवडत्या शिष्यांना वांटणी करून दिली. इअनबाल्ड यांना धर्मासन दिलें. अल्क्विन यांना शाळा व पुस्तकें दिलीं. त्या काव्यांत अल्क्विन यांनीं या पुस्तकांना सर्वांहून प्रिय असा ठेवा म्हटलें आहे. बिशपपद दुसऱ्यास गेलें याचें दुःख त्यांत कोठेंही दिसत नाहीं.

पार्मा येथील भेट

७८० च्या नोव्हेंबरांत एल्बर्ट प्रभुवासी झाले. नव्या आर्चबिशपांसाठीं पोप महाशयांकडून पॅलियम, म्हणजे आर्चबिशपांनीं खांद्यावर धारण करावयाची लोकरीची पट्टी, आणण्याकरितां नॉर्थंब्रियाच्या राजानें अल्क्विन यांना रोमला पाठविलें. काम आटोपून परत येतांना ७८१ च्या मार्च महिन्यांत, इटलींतील पार्मा या गांवीं, त्यांची फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याच्याशीं गांठ पडली. राजानें त्यांची विद्वत्ता जाणली, आणि माझ्याकडे येऊन राहा असा आग्रह केला. अल्क्विन यांनीं तेथल्या तेथें होकार दिला नाहीं. प्रथम ते यॉर्कास गेले, पॅलियम पोहोंचविलें, आपला राजा व आपले आर्चबिशप यांची अनुज्ञा मागितली. पुन्हां परत यावें या अटीवर त्यांना जाऊं देण्यांत आलें. ७८२ च्या सुमारास, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास, ज्या वयांत माणूस घर बांधून बसतो त्या वयांत, या शिक्षकानें घर सोडलें.

राजाघरची शाळा

शार्लमेनचा दरबार त्या वेळीं एका ठिकाणीं स्थिर नव्हता. राजा लढाईवरून लढाईवर जाई, आणि त्याच्याबरोबर शाळाही एका वाड्यांतून दुसऱ्या वाड्यांत जाई. विद्यार्थी तरी कोण? स्वतः राजा, त्याचे मुलगे, त्याच्या मुली, त्याची बहीण गिसेला, व दरबारांतील तरुण. राजानें अल्क्विन यांच्यापासून अलंकारशास्त्र, तर्क व ज्योतिष यांचे धडे घेतले. लिहिण्याची मात्र त्यास लहानपणीं संवय झालेली नव्हती. त्याचा चरित्रकार आइनहार्ड सांगतो कीं, राजा पाट्या व पानें उशाखालीं ठेवून निजे, आणि रात्रीं सवड मिळाली म्हणजे अक्षरें गिरवी. पण आरंभ उशीरां झाल्यामुळें हात कांहीं वळला नाहीं. ज्याच्या नांवानें युरोप थरथर कांपे तो पुरुष उशाखालची पाटी काढून मुळाक्षरें गिरवीत आहे, या चित्रांत गुरूची थोरवी आहे आणि शिष्याचीही.

अल्क्विन यांची शिकविण्याची पद्धत संवादाची होती. त्यांच्या व्याकरणाच्या पुस्तकांत चौदा वर्षांचा एक फ्रँक मुलगा व पंधरा वर्षांचा एक सॅक्सन मुलगा एकमेकांस प्रश्न विचारतात आणि अडले म्हणजे गुरूंकडे धांवतात. राजपुत्र पेपिन याच्यासाठीं त्यांनीं कोड्यांचा एक संवाद लिहिला. मुलांची बुद्धि तल्लख व्हावी म्हणून रचलेल्या पन्नासांहून अधिक गणितांचा एक संग्रहही त्यांच्याच नांवावर सांगितला जातो. त्यांतील एक गणित आमच्या वाचकांना परकें वाटणार नाहीं. एका माणसास लांडगा, बकरी व कोबी नदीपार न्यावयाचीं आहेत. होडींत त्याच्याबरोबर एकच मावते. बकरीनें कोबी खातां कामा नये आणि लांडग्यानें बकरी. हेंच वाघ, शेळी आणि गवताचें कोडें आमच्या आज्यांनीं आम्हांस अंगणांत बसून घातलेलें आहे. या कोड्याचा सर्वांत जुना लिखित दाखला म्हणून विद्वान या संग्रहाकडेच बोट दाखवितात.

प्रार्थना शुद्ध व्हावी म्हणून

कोणी विचारील कीं, व्याकरणाचा व भक्तीचा संबंध काय? याचें उत्तर त्या काळच्या एका हकीकतींत आहे. ७४६ सालीं पोप झकारियास यांच्याकडे असा प्रश्न गेला कीं, बव्हेरियांतील एक धर्मगुरु लॅटिन नीट न आल्यामुळें बाप्तिस्मा देतांना पित्याच्या व पुत्राच्या नांवें म्हणावयाचें सोडून, ज्यांचा अर्थ देश व कन्या असा होतो ते शब्द म्हणत आला आहे. तर तो बाप्तिस्मा खरा कीं खोटा? पोप महाशयांनीं निर्णय दिला कीं, ही चूक अज्ञानाची आहे, पाखंडाची नाहीं. म्हणून पुन्हां बाप्तिस्मा देऊं नये. निर्णय दयाळू होता, परंतु रोग त्यानें बरा झाला नाहीं. अशुद्ध पुस्तकावरून अशुद्ध पुस्तक उतरलें जाई आणि चूक पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाई.

त्या रोगावरचें औषध ७८९ सालच्या राजाज्ञेंत आढळतें. या आज्ञेच्या मसुद्यांत अल्क्विन यांचा हात असावा असें अभ्यासक मानतात. प्रत्येक मठांत व प्रत्येक बिशपांच्या ठिकाणीं मुलांसाठीं वाचनाच्या शाळा काढाव्या. स्तोत्रें, गायन, सणांचें गणित व व्याकरण शिकवावें. धर्मग्रंथ नीट तपासून शुद्ध करावे. शुभवर्तमानें व मिस्सेचें पुस्तक उतरावयाचें काम पोरासोरांकडे न देतां प्रौढ माणसांकडे द्यावें, असें तींत सांगितलें आहे. कारणही दिलें आहे : लोकांना देवाची प्रार्थना चांगली करावयाची असते, पण पुस्तकें चुकीचीं असल्यामुळें ती बिघडते. नोकरीसाठीं नव्हे, मानासाठीं नव्हे, तर गरिबाच्या तोंडची प्रार्थना बिघडूं नये म्हणून शाळा काढावयाची, हा विचार आमच्या धर्मग्रामांतील प्रत्येक शिक्षकानें मनांत जपण्यासारखा आहे.

तलवारीचा धर्म नव्हे

राजाच्या पदरीं राहून राजास खरें सांगणें ही शिक्षकाची खरी कसोटी. अल्क्विन यांच्यावर ती वेळ आली. शार्लमेन वर्षानुवर्षें सॅक्सन लोकांशीं झुंजत होता. ७८२ सालीं वेर्डेन येथें एका दिवसांत ४५०० सॅक्सनांचा शिरच्छेद झाला, असें त्याच्याच दरबारच्या बखरींत नोंदलेलें आहे. बाप्तिस्मा नाकारणारास देहदंड सांगणारा कायदा झाला, आणि ज्यांना नवा धर्म अजून कळलाही नव्हता त्यांच्यावर दशांशाचा कर बसला. याचें फळ म्हणजे बंडामागून बंड.

७९६ सालीं आवार लोकांचा पाडाव झाल्यावर तेंच पुन्हां होण्याचा रंग दिसूं लागला. तेव्हां अल्क्विन यांनीं राजास पत्र लिहिलें. त्याचा भावार्थ असा कीं, विश्वास हा माणसाच्या मनाचा खुषीचा सौदा आहे, जुलमाचा नव्हे. माणसास पाण्यापर्यंत ओढून आणतां येईल, पण त्याच्या अंतःकरणांत श्रद्धा ओढून घालतां येणार नाहीं. तान्ह्या बाळास आधीं दूध द्यावें, तसें नव्या लोकांना आधीं शिकवावें, मग बाप्तिस्मा द्यावा. दशांशाविषयीं तर त्यांनीं फारच मार्मिक लिहिलें : आम्ही जन्मापासून या धर्मांत वाढलेलों; पूर्ण दशांश द्यावयाची वेळ आली म्हणजे आमचाच हात आंखडतो, मग कालच्या नवख्या माणसांवर हें ओझें कां? साल्झबर्गचे बिशप आर्नो हे त्यांचे जिवलग मित्र. त्यांनाही त्यांनीं बजाविलें कीं, उपदेशक व्हा, दशांश उकळणारे होऊं नका. सॅक्सनांची श्रद्धा दशांशानेंच बुडविली.

पुढच्याच वर्षीं, ७९७ सालीं, सॅक्सनांसाठीं सौम्य कायदा निघाला आणि अनेक गुन्ह्यांवरील देहदंडाच्या जागीं दंडाची रक्कम आली. या पालटांत डीकनच्या शब्दाचा वाटा होता, असें अनेक इतिहासकारांना वाटतें.

पुस्तकांविना ग्रंथपाल

दिलेल्या शब्दाप्रमाणें अल्क्विन ७९० सालीं स्वदेशीं परतले होते. परंतु तेथें राज्यांत कलह माजलेला. तीन वर्षांनीं ते पुन्हां फ्रँक देशांत आले. ७९३ च्या ८ जूनला समुद्रांतून आलेल्या चांच्यांनीं लिंडिस्फार्नचा पवित्र मठ लुटला, मठवाशांना ठार केलें, मुलांना धरून नेलें. ही वार्ता ऐकून त्यांनीं तेथील बिशपांना सांत्वनाचें पत्र पाठविलें, आणि धरून नेलेल्या मुलांच्या सुटकेसाठीं आपण राजाकडे शब्द टाकूं असें आश्वासन दिलें. ७९६ सालीं नॉर्थंब्रियाच्या राजाचा खून झाला, तेव्हां परत जाण्याची आशा त्यांनीं कायमची सोडली. त्याच वर्षीं शार्लमेननें त्यांना टूर्स येथील संत मार्टिन यांच्या मठाचे मठाधिपती केलें.

मान मोठा होता, पण एक उणीव त्यांना टोंचूं लागली : यॉर्कचीं पुस्तकें जवळ नव्हतीं. आपल्या गुरूंनीं व आपण स्वतः कष्टानें जमविलेला तो ठेवा समुद्रापलीकडे राहिला होता. म्हणून त्यांनीं राजास विनंति केली कीं, माझ्या कांहीं विद्यार्थ्यांना ब्रिटनला पाठवावें. तेथें जें आहे तें त्यांनीं येथें आणावें, म्हणजे ती बाग यॉर्कलाच बंदिस्त न राहतां तिचीं फुलें व फळें टूर्सलाही होतील. आयुष्याच्या सकाळीं आपण ब्रिटनमध्यें पेरणी केली, आतां संध्याकाळीं रक्त थंड होत असतांना येथें पेरीत आहों, असेंही त्यांनीं त्यांत म्हटलें आहे.

वाचकहो, या विनंतींतच आम्हांस या चरित्राचें सार सांपडतें. ग्रंथपालाचा स्वाभाविक मोह असा कीं, पुस्तक कपाटांत असावें, कुलूप नीट असावें, आणि किल्ली आपल्या कमरेस असावी. अल्क्विन यांनीं नेमकें उलट केलें. जी दौलत त्यांना सर्वांहून प्रिय होती ती एका ठिकाणीं राहूं नये, तिच्या प्रती व्हाव्या, ती पसरावी, ही तळमळ त्यांना म्हातारपणीं लागली.

टूर्सच्या लेखनशाळेसाठीं त्यांनीं पद्यांत नियम रचले : लेखनिकांनीं वायफळ बोलूं नये, घाईनें हात चुकूं देऊं नये, शुद्ध केलेली प्रतच समोर घ्यावी, विरामचिन्हें जागच्या जागीं घालावीं, म्हणजे देवळांत वाचणारा भाऊ सर्वांसमक्ष अडखळणार नाहीं. द्राक्षमळा खणण्यापेक्षां ग्रंथ लिहिणें बरें, कारण तें काम पोटासाठीं आहे आणि हें आत्म्यासाठीं, असेंही त्यांनीं सांगितलें. काम सोपें नव्हतें. ७९९ सालच्या एका पत्रांत त्यांनीं राजास लिहिलें आहे कीं, विरामचिन्हांकडे लेखनिक लक्षच देत नाहींत, आणि मी येथील अडाणीपणाशीं रोज झुंजत आहें. कोणत्याही शाळामास्तरांना हें वाक्य आपलेंच वाटेल! त्याच सुमारास राजा त्यांना रोमला चला म्हणत होता. सोन्यानें मढविलेलें रोम सोडून टूर्सचीं धुरकट छपरें तुम्हांस प्रिय कां, असा त्याचा टोमणा होता. प्रकृति साथ देत नव्हती. म्हातारे गुरु धुरकट छपरांखालींच राहिले. ८०० सालच्या नाताळांत रोम येथें शार्लमेनच्या मस्तकीं सम्राटाचा मुकुट चढला तेव्हां अल्क्विन तेथें नव्हते. ज्या बायबलचा पाठ त्यांनीं शुद्ध केला होता त्याची प्रत मात्र त्या सुमारास एका शिष्याच्या हातीं सम्राटास भेट गेली.

दोषही सांगितले पाहिजेत

थोरांच्या चरित्रांत केवळ उजळ बाजू दाखविणें हा इतिहास नव्हे. टूर्सच्या मठाच्या जमिनी अफाट होत्या आणि त्यांवर हजारों कुळें व दास राबत. स्पेनमधील एका विरोधी आर्चबिशपांनीं, तुमच्या पदरीं वीस हजार दास आहेत, असा टोला अल्क्विन यांना मारला. मी माझ्या सेवेसाठीं कोणासही विकत घेतलें नाहीं, उलट सर्वांची सेवा करावी हीच माझी इच्छा, असें त्यांनीं एका पत्रांत उत्तर दिलें. उत्तर प्रामाणिक असेल. तथापि ज्या व्यवस्थेवर मठाचें पोट चाले तिच्याविरुद्ध ते उभे राहिले नाहींत, हेंही खरें. ८०२ च्या सुमारास ऑर्लिअन्सच्या बिशपांनीं शिक्षा केलेला एक धर्मसेवक पळून मठाच्या आश्रयास आला. त्यास धरावयास माणसें आलीं तेव्हां टूर्समध्यें दंगा झाला. अल्क्विन यांनीं मठवाशांचा कैवार घेतला, आणि सम्राटाचें कडक शब्दांचें पत्र त्यांना सोसावें लागलें. मायेपोटीं डोळेझांक करणें हा शिक्षकांचा जुनाच दोष आहे.

पेंटेकॉस्टची पहांट

अखेरच्या दिवसांत त्यांची दृष्टि व शक्ति क्षीण झाली. मठाचा कारभार त्यांनीं शिष्यांवर सोंपविला आणि पेंटेकॉस्टच्या सणाचा दिवस मृत्यूसाठीं देवाजवळ मागितला, असें त्यांचा जुना चरित्रकार सांगतो. ८०४ च्या १९ मे रोजीं, पेंटेकॉस्टच्याच दिवशीं, त्यांनीं देह ठेवला. आपल्या थडग्यावरचा लेखही त्यांनीं स्वतःच रचून ठेवला होता. त्यांत कोणत्याही पदवीचा डौल नाहीं, वाटसरूकडे केवळ प्रार्थनेची याचना आहे.

त्यांचे शिष्य मात्र सर्वत्र पसरले होते. राबानुस माउरुस हे त्यांचे टूर्सचे विद्यार्थी. ते पुढें फुल्डाच्या मठाचे गुरु व मठाधिपती आणि ८४७ सालीं माइन्झचे आर्चबिशप झाले. पवित्र आत्म्यास आळविणारें ‘व्हेनी क्रेआतोर’ हें गीत परंपरेनें यांच्याच नांवावर सांगितलें जातें. पेंटेकॉस्टला गुरु गेले, आणि पेंटेकॉस्टचें गीत शिष्याच्या नांवानें राहिलें!

जें दिलें तें उरलें

आतां त्या दोन ग्रंथसंग्रहांचें पुढें काय झालें तें ऐका. ८५३ च्या नोव्हेंबरांत नॉर्मन चांच्यांनीं टूर्सवर धाड घालून संत मार्टिन यांचें मंदिर जाळलें. ८६६ सालीं त्यांच्याच भाऊबंदांनीं यॉर्क घेतलें. तो दिवस १ नोव्हेंबर, म्हणजे सर्व संतांचा सण होता, अशी जुनी नोंद आहे. हाच सण १ नोव्हेंबरला पाळावा म्हणून अल्क्विन यांनीं आपल्या मित्रांस आग्रहानें लिहिलें होतें! पद्यांत यादी गुंफलेलें तें यॉर्कचें ग्रंथालय काळाच्या उदरांत गडप झालें. ज्या ठेव्यासाठीं दोन पिढ्यांनीं समुद्र ओलांडले तो कुलुपांत राहिला असता तर आज त्याचें काय उरलें असतें?

पण टूर्सच्या लेखनशाळेनें अल्क्विन यांच्या मागें सुमारें पन्नास वर्षें दरसाल दोन या हिशेबानें मोठालीं बायबलें लिहिलीं आणि तीं दूरदूरच्या मंदिरांना व मठांना पाठविलीं. धाड आली तेव्हां तीं टूर्समध्यें नव्हतींच. तीं जर्मनींत, स्वित्झर्लंडांत, फ्रान्सच्या कानाकोपऱ्यांत होतीं. त्यांपैकीं कित्येक आजही युरोपच्या ग्रंथालयांतून पाहावयास मिळतात. विद्या दिल्यानें वाढते असें आमच्याकडे म्हणतात. येथें तर ती दिल्यामुळेंच वांचली.

आमच्यापर्यंत आलेला धागा

आरंभीं उल्लेखिलेल्या धाग्याकडे आतां वळूं. टूर्सच्या ग्रंथांतील अक्षर लहान, वाटोळें, सुटें व डोळ्यांस सुखकारक असे. तें अल्क्विन यांनींच शोधून काढलें असें पूर्वीं म्हणत. पण तें खरें नव्हे, कारण कॉर्बीच्या मठांत त्याचे नमुने त्यांच्या आधींचे मिळतात. टूर्सनें मात्र त्यास घासूनपुसून नेटकें केलें. पंधराव्या शतकांत इटलींतील विद्वानांना त्या अक्षरांतील जुन्या प्रती हातीं लागल्या, आणि हें प्राचीन रोमन लोकांचेंच अक्षर असावें असें समजून त्यांनीं तें उचललें. १४७० च्या सुमारास व्हेनिसच्या मुद्रकांनीं त्याचे खिळे पाडले. १५५६ सालीं मुद्रणयंत्र गोव्यास आलें. आणि १६१६ सालीं राशोल येथें फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण छापलें गेलें. भाषा आमची मराठी, छंद आमचा ओवीचा. पण देवनागरी खिळे नसल्यामुळें अक्षरें रोमन! अल्क्विन यांचेच देशबंधु असलेले, १५७९ सालीं गोव्यास आलेले हे इंग्रज धर्मगुरु ज्या अक्षरांत आमच्या पूर्वजांना तारणाची कथा देते झाले, त्या अक्षरांचें कुळ शोधीत गेलें तर वाट टूर्सच्या धुरकट छपरांखालून जाते.

साम्य एवढ्यावरच संपत नाहीं. ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ सालच्या आवृत्तींची एकही छापील प्रत आज कोणाच्या ठाऊक नाहीं. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ नष्टच व्हावयाचा. परंतु कोंकण-कानड्यांतील भाविकांनीं तो हातानें उतरून घेतला होता, घरोघर जपला होता, उपवासकाळांत वाचला होता. त्या हस्तलिखितांच्या आधारें १९०७ सालीं जोसेफ साल्ढाना यांनीं मंगळूर येथें त्याची आवृत्ति काढली, आणि १९५६ सालीं पुण्यास शांताराम बंडेलू यांनीं तो देवनागरींत आणला. त्या अनाम लेखनिकांना अल्क्विन यांचें नांव कदाचित् ठाऊक नसेल. काम मात्र त्यांनीं त्यांचेंच केलें.

प्रत्येक धर्मग्रामांत एक कपाट असतें. त्यांत जुनीं प्रार्थनापुस्तकें असतात, पाने सुटलेलीं गायनाचीं वह्यापुस्तकें असतात, कोणा आजोबांनीं वळणदार हातानें उतरलेलीं गीतें असतात. वाळवी आपलें काम मुकाट्यानें करीत असते, आणि किल्ली कोणाकडे आहे हें बहुधा कोणासच ठाऊक नसतें. ज्युबिलीच्या वर्षीं आम्ही देवळास रंग देतों, दिव्यांची आरास करतों. त्याबरोबर तें कपाटही एकदां उघडूं. जें जीर्ण झालें आहे त्याची प्रत करूं, जें एकच आहे त्याचीं दोन करूं, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गांतील मुलांच्या हातीं तें देऊं. पुढची ज्युबिली पाहणारी मुलें आज त्याच वर्गांत बसलेलीं आहेत. ज्या नम्र डीकननें वाटसरूकडे प्रार्थनेवांचून दुसरें कांहीं मागितलें नाहीं, त्याच्या आत्म्यास प्रभु चिरशांति देवो, आणि त्याच्या अंगची देण्याची बुद्धि आम्हां सर्वांस देवो.